फोनवरचे शून्य

कंग्राळी बुद्रुक काय किंवा कंग्राळी खुर्द काय, बेळगावला खेटून असलेल्या या गावांचे सोयरसंबंध चंदगड तालुक्यापासून थेट कोल्हापूरपर्यंत पसरलेले आहेत. लेकी तिकडे दिलेल्या, सुना तिकडून आणलेल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तरी हे जाणेयेणे थांबले नाही. पुढे घरोघरी दूरध्वनी आला तेव्हा मात्र आकड्यांचीही एक सीमारेषा सोयऱ्यांच्या मधून गेली. बेळगाव ०८३१, चंदगड ०२३२०, कोल्हापूर ०२३१. गंमत अशी, की दूरसंचाराच्या विभागणीत गोवा मोडतो महाराष्ट्र परिमंडळात; पण त्याचा संकेतांक ०८३२, बेळगावच्या पाठीवर आलेल्या भावंडासारखा!

हे सारे आता पुन्हा सांगण्याचे कारण म्हणजे घरात आलेली नवी पेटी. तांब्याच्या तारेच्या जागी फायबर येते आणि जुना फोन त्या पेटीच्या, म्हणजे अडॅप्टरच्या, खाचेत बसवला जातो. वरवर पाहता काहीच बदललेले नसते. आत मात्र बदललेले असते. पूर्वी आपण एकेक आकडा फिरवू तसतसा तो एक्स्चेंजला पोचत असे. ही पेटी आकडे आधी स्वतःपाशी गोळा करते, क्रमांक पुरा झाला असे तिला वाटले की मगच तो पुढे धाडते. पुरा झाला हे तिने ओळखायचे कसे? त्यासाठी तिच्यात काही नियम लिहिलेले असतात. दोनने सुरू होणारे सात आकडे आले की स्थानिक क्रमांक. शून्यानंतर दहा आकडे आले की बाहेरगाव किंवा मोबाइल. दोन शून्ये आली की परदेश. तेथे लांबी ठरलेली नाही, म्हणून थोडे थांबायचे.

घोळ होतो तो येथेच. चंदगडच्या आत्याबाईंचा फोन येऊन गेला, घरात कोणी नव्हते. पडद्यावर क्रमांक उमटलेला असतो, पण पुष्कळदा आरंभीच्या शून्यावाचून : २३२० आणि पुढचे सहा आकडे. सूनबाई यादीतला तोच क्रमांक बटण दाबून पुन्हा लावतात. पेटीला पहिला आकडा दोन दिसतो, सात आकडे भरताच ती स्थानिक क्रमांक समजून फोन जोडून टाकते, उरलेले तीन आकडे वाऱ्यावर! फोन वाजतो बेळगावातल्या कुणा अनोळखी घरी, आणि आत्याबाई तिकडे रुसून बसतात. इंदूर-बडोद्याच्या आमच्या वाचकांनीही हे ध्यानात घ्यावे. विदर्भ वगळला तर महाराष्ट्राचे संकेतांक दोननेच सुरू होतात, आणि त्या शहरांतही दोनने सुरू होणारे सात आकडी स्थानिक क्रमांक आहेत.

उपाय अवघड नाही. सात आकडे भरताच न जोडता चार-पाच सेकंद वाट पाहावी, आणि दोनने सुरू होणारे दहा आकडे आले तर आरंभी शून्य लावून पाठवावे, असे दोन नियम पेटीत घालून घ्यावेत. क्रमांक ९१ धरून बारा आकडी उमटत असेल, तर ते ९१ काढून तेथे शून्य बसवावे. कंपनीने दिलेल्या पेटीत हे कप्पे सहसा बंद असतात. तंत्रज्ञ घरी येईल तेव्हा त्याला नेमके एवढेच सांगावे. नुसते ‘फोन चुकीचा लागतो’ म्हटले, तर तो फोन बदलण्याचा सल्ला देऊन निघून जाईल. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइललाही शून्य लावावे लागते, तेव्हा फोनच्या स्मरणवहीत बाहेरचे सर्व क्रमांक शून्यासह लिहिणेच बरे. लँडलाइनवरून लँडलाइनला फोन करतानाही शून्य व संकेतांक लावावा, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये केली. ती जेथे अमलात येईल, तेथे सात आकड्यांचा नियमच काढून टाकता येईल.

पडदा कोराच राहत असेल तर दोष वेगळा. येणारा क्रमांक फोनला कळवण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एक बटणांच्या स्वरांची, तिला डीटीएमएफ म्हणतात; दुसरी एफएसके. पेटी एका भाषेत बोलते आणि फोनला दुसरीच समजते, असे झाले की क्रमांक उमटत नाही. पेटीत पद्धत बदलून पाहावी. एफएसकेमध्ये क्रमांक बहुधा पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मध्ये येतो. पहिल्याच घंटीला धावत जाऊन फोन उचलणाऱ्यांना तो दिसायचा कसा?

आणखी एक. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजकडून तारेतूनच मिळत असे. लाईट गेली की ही पेटी मुकी होते. घरात वयस्कर माणसे एकटी असतील तर पेटीला बॅटरीची जोड द्यावी, आणि ११२ क्रमांक न थांबता लागेल असा नियम तिच्यात आहे ना, हे तंत्रज्ञाला विचारून घ्यावे. तो निघण्यापूर्वी चंदगडहून एक फोन करवावा, उचलू नये, आणि यादीतला क्रमांक त्याच्यादेखतच परत लावून पाहावा.