आमची मराठी प्रबंधाच्या योग्यतेची नाही काय?

धार-देवासच्या मराठी घरांत एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे : खरी मराठी पुण्याची, आपली ती बिघडलेली. या समजुतीला आमचा स्पष्ट विरोध आहे. कारण तिच्यापायी पीएच.डी.च्या संशोधनाचा एक अस्सल विषय आमच्या डोळ्यांदेखत नाहीसा होत आहे.

आमच्या परिचयातील एका विद्यार्थिनीने माळव्यातील मराठीवर प्रबंध लिहिण्याचे योजिले होते. मार्गदर्शक म्हणाले, ‘ही बोली नव्हे, हिंदीच्या संसर्गाने झालेली अशुद्ध मराठी आहे. एखादा कादंबरीकार घ्या.’ तिने कादंबरीकार घेतला. जीवनपट, कथानके, व्यक्तिरेखा, उपसंहार. प्रकरणे जणू छापील नमुन्यात भरलेली. (सरकारी नोकरीत असे नमुने आम्ही पुष्कळ भरले आहेत, म्हणून ते लगेच ओळखू येतात.)

संसर्गाला दोष मानणाऱ्यांनी कुपवाडची हकीकत वाचावी. सांगली जिल्ह्यातील या गावी मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या. शब्द निराळे राहूनही त्यांची वाक्यरचना जवळजवळ एक झाली, असे गंपर्झ व विल्सन यांनी १९७१ मध्ये दाखविले. तो लेख भाषाविज्ञानात आजही उद्धृत होतो. मराठी बोलींच्या सर्वेक्षणात डॉ. अ. मा. घाटगे यांनी कोचीन (१९६७) आणि कासरगोड (१९७०) यांवर स्वतंत्र पुस्तके लिहिली. त्या मालिकेत माळवा नाही.

पवार घराणे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे स्थिरावले. तेव्हापासून आमची मराठी माळवीच्या, पुढे हिंदीच्या सहवासात आहे. हिंदीत लिंगे दोन, मराठीत तीन. आमच्या घरात आजी ‘पाणी गार झालं’ म्हणते, नातू ‘पाणी गार झाला’ म्हणतो. तोच नातू ‘मूल रडतंय’ मात्र आजीसारखेच म्हणतो. मग नपुंसकलिंग आधी कोणत्या शब्दांतून जाते? निर्जीवांच्या? की हिंदीत ज्यांना जुळा शब्द आहे त्यांच्या? ‘तो जेवून राहिला आहे’ ही रचना थेट हिंदीतून आली, की नागपूरकडच्या मराठीशी तिचे नाते आहे? हिंदीच्या एकट्या ‘हम’पुढे आमचा ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद कितपत टिकला? हे प्रश्न मोजून सोडविता येण्याजोगे आहेत. तीन पिढ्या एकत्र नांदणारी घरे तेवढी हवीत, आणि ती झपाट्याने कमी होत आहेत.

कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला आले. मातृभाषा कन्नड, तरी माळवी लोकगीते त्यांनी कान देऊन ऐकली, टिपली आणि त्यांच्या धुनांतून नवे राग घडविले. आम्हांला आमच्याच ओसरीवरचे बोलणे ऐकू येत नाही!

दोष एकट्या विद्यापीठांचा नाही. नोंदणीपूर्वी ती विद्यार्थिनी ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन काही घरी गेली होती. पाहुण्यांसमोर धुवट धोतर नेसावे तशी आमच्या ज्येष्ठांनी भाषा बदलली. जो तो पुस्तकी मराठी बोलू लागला. आम्हीही त्यांतलेच. अखेर तिने यंत्र बंद केले आणि पिशवीत ठेवले. तेव्हा कुठे ‘अगं, चहा घे, थंडा होऊन राहिला आहे,’ हे वाक्य आमच्या तोंडून निघाले. ते कोठेही नोंदले गेले नाही.