‘मले आतून वाटते’ हा पुरावा नव्हे



राजूर कॉलरीत, चुनाभट्टीवर, वस्तीतल्या ओट्यावर एक वाक्य मी सारखं ऐकतो : ‘मले आतून वाटते.’ पोर खोकते. आई म्हणते, करणी आहे, मले आतून वाटते. म्हैस आटते. बाप म्हणतो, कुणीतरी केलं, मले आतून वाटते. मग या ‘आतून’ला एक नाव सापडतं. बहुधा एकट्या म्हातारीचं. ज्याच्यामागं कुणी नाही त्याचंच नाव आतून वर कसं येतं, हा माझा पहिला सवाल आहे.

सवाल हवेतला नाही. ऑगस्ट २०२१. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात, भानामतीच्या संशयावरून सात दलितांना भर चौकात खांबाला बांधून मारलं. त्यात बाया होत्या, म्हातारी माणसं होती. पुरावा काय? गावाला वाटलं. बस्स!

कुणी म्हणेल, आतला आवाज खोटाच असतो काय? नाही. जुना खाणकामगार छताखाली पाय ठेवताच थबकतो. मन म्हणतं, इथं थांबू नको. हे मन आभाळातून पडलेलं नाही. हजार पाळ्यांत कानानं, डोळ्यानं टिपलेलं आहे : दगडाचा बारीक तडका, टेकूची कुरकुर, भुरभुरणारी माती. आणि तरी तो तेवढ्यावर थांबत नाही. सब्बल घेऊन छत ठोकतो. खणखणीत वाजलं तर पुढं, पोकळ वाजलं तर मागं. अंदाज चुकला तर खाण तिथल्या तिथं सांगते.

भगताला कोण सांगतं? पोर बरं झालं तर भगताची कमाल. मेलं तर करणी भारी होती. दोन्हीकडून तोच जिंकतो. जो अंदाज कधी चुकूच शकत नाही तो अंदाज नव्हे, धंदा आहे.

‘मावशीची आठवण आली अन् मावशी दारात!’ ठीक. आठवण आली अन् कुणीच आलं नाही, असे दिवस किती? ते कुणी मोजत नाही. मोजा. मनात आलं ते आधी वहीत लिहा, मग काय होतं ते बघा. वही खोटं बोलणार नाही.

आणि आपण, आपण तरी ‘आतून वाटण्या’वर भरवसा ठेवायचा? आपल्या बापजाद्यांचा विटाळ होतो, हेही सवर्णांना आतूनच वाटत होतं. २० मार्च १९२७ ला महाडात बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले. सवर्णांनी तळ्यात शेण-गोमूत्र ओतून ते ‘शुद्ध’ केलं. पाणी तपासलं होतं कुणी? किळस आली, तोच पुरावा. त्यांची किळस नाटकी नव्हती, खरोखर येत होती. पण वाटणं खरं असलं म्हणून वाटलेली गोष्ट खरी होत नाही. ‘आतून वाटणं’ पुरावा मानाल तर अस्पृश्यताही सिद्ध झाली, हे लक्षात ठेवा.

बुद्धानं कालामांना हेच सांगितलं : ऐकीव आहे, परंपरा आहे, गुरू म्हणतो, म्हणून मानू नका, स्वतः पारखा. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण नागपुरात देव सोडले. भगत मात्र मागल्या दारानं घरात ठेवला. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर, लिंबू-मिरची चौकटीला!

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. कुणाला करणीवाला ठरवून मारणं आता गुन्हा आहे. पण कायदा पोचतो तो मार बसल्यावर. मार बसण्याआधी चौकात उभं राहून ‘दाखव पुरावा’ म्हणणारं पोरगं पाहिजे. ते तुम्ही व्हा.

पोर खोकतं तर डॉक्टरकडे न्या, छातीचा फोटो काढा. छातीत चुना जातो, कोळसा जातो. खोकल्यापायी नाव घ्यायचंच तर म्हातारीचं नको, धुळीचं घ्या. आणि ती धूळ कुणाच्या नफ्यासाठी उडते, त्याचं.