मुंबई की डेक्कन?

उन्हाळा लागला, आयपीएल सुरू झाली की आमच्या शाळेत एक वाद दरवर्षी नव्याने पेटतो. हैदराबाद विरुद्ध मुंबई असा सामना असला की मधल्या सुट्टीत वर्गाचे सरळ दोन तट पडतात. त्यात काही गैर नाही. पण गेल्या काही वर्षांत दोन-चार पालकांनी आम्हाला हळूच विचारले, "मराठी शाळेत शिकणारी मुले मुंबईच्या विरुद्ध ओरडतात, हे बरे दिसते का?" प्रश्न हसत हसत विचारलेला असतो, तरी तो निव्वळ थट्टेचा नसतो. आपली मुले आपल्यापासून दूर चालली आहेत की काय, ही धास्ती त्यामागे असते. म्हणूनच त्याचे उत्तर द्यावेसे वाटते, आणि त्यासाठी 2009 च्या हंगामाकडे जावे लागेल. आज शाळेत असलेल्या बहुतेक मुलांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

त्या वेळी हैदराबादच्या संघाचे नाव होते डेक्कन चार्जर्स. 2008 च्या पहिल्या हंगामात या संघाने अब्रू घालवली होती. चौदा सामन्यांत दोन विजय, गुणतक्त्यात तळाचे स्थान. जिंकलेले दोन्ही सामनेही परगावचे, एक नवी मुंबईत आणि एक चेन्नईत. उप्पलच्या मैदानावर सातच्या सात सामने हरले. तिकीट काढून गेलेले आमच्यातले काही जण आजही त्या संध्याकाळी विसरायला तयार नाहीत.

त्या वर्षीची एक गोष्ट मात्र मुलांना मुद्दाम सांगावी अशी आहे. सचिन, गांगुली, द्रविड अशा खेळाडूंना त्यांच्या त्यांच्या शहराच्या संघात 'आयकॉन' म्हणून मानाचे आणि भरपूर मोबदल्याचे स्थान होते. आपल्या व्ही. व्ही. एस. लक्ष्मणने ते नाकारले. लिलावात संघाच्या हाती जास्त पैसा राहावा, एवढाच त्याचा हेतू. त्याच लिलावात डेक्कनने अँड्र्यू सायमंड्सवर साडेतेरा लाख डॉलर खर्च केले. पुढच्या वर्षी लक्ष्मणचे कर्णधारपद गेले आणि तो मोजकेच सामने खेळला. संघाने चषक जिंकला त्या अंतिम सामन्यात तो खेळणाऱ्या अकरांत नव्हता. याबद्दल त्याने कुठे तक्रार केल्याचे आमच्या वाचनात आलेले नाही.

2009 मध्ये लोकसभेच्या निवडणुका आणि स्पर्धेच्या तारखा एकाच वेळी आल्या, म्हणून सगळी स्पर्धाच दक्षिण आफ्रिकेत नेली गेली. आमच्या संघाला त्याचा फायदाच झाला असावा, कारण घरचे मैदान त्याला कुठे लाभले होते! नवा कर्णधार अ‍ॅडम गिलख्रिस्ट. पहिले चार सामने ओळीने जिंकले, आणि मग पराभवांची रांग लागली. ती रांग तुटली 6 मे रोजी सेंच्युरियनला, आणि तीही मुंबईविरुद्ध.

आमच्या वादाचे मूळ या सामन्यात आहे. मुंबईचा कर्णधार सचिन. हैदराबादच्या कोणत्या मराठी घरात त्या रात्री एकमत असेल? डेक्कनच्या 145 धावांचा पाठलाग मुंबई बऱ्यापैकी करत होती. तेवढ्यात बावीस वर्षांच्या रोहित शर्माच्या हाती चेंडू दिला गेला. नायर, हरभजन आणि ड्युमिनी यांना लागोपाठच्या तीन चेंडूंवर बाद करून त्याने हॅटट्रिक घेतली. दोन षटकांत सहा धावा आणि चार बळी. रोहित हा फलंदाज, बरे का! मुंबई 19 धावांनी हरली. आता हा रोहित कुठला म्हणावा? जन्म नागपूरचा, वाढला मुंबईत, आई विशाखापट्टणमची आणि तेलुगू बोलणारी. पुढे त्याच मुंबई संघाचा कर्णधार होऊन त्याने पाच वेळा चषक जिंकला, पण आयपीएलचा पहिला चषक त्याने डेक्कनकडून मिळवला होता. प्रग्यान ओझाचा जन्म ओडिशाचा, क्रिकेट हैदराबादचे. त्याच्या जोडीला टी. सुमनसारखी इथली मुले होती.

साखळीत सात जिंकले, सात हरले, आणि चौथ्या क्रमांकावरून कसेबसे उपांत्य फेरीत पाऊल पडले. तिथे गाठ पडली पहिल्या क्रमांकाच्या दिल्लीशी. गिलख्रिस्टने 35 चेंडूंत 85 धावा ठोकल्या आणि सामना तिथेच संपला. 24 मे रोजी जोहान्सबर्गला अंतिम सामन्यात समोर बंगळुरू, म्हणजे आदल्या वर्षीचा शेवटून दुसरा संघ. पहिल्याच षटकात कुंबळेने गिलख्रिस्टला शून्यावर उडवले. गिब्जच्या नाबाद 53 धावांमुळे 143 पर्यंत मजल गेली. बंगळुरूचा डाव 137 वर थांबला. सहा धावांनी चषक हैदराबादचा! स्पर्धेत सर्वांत जास्त, 23 बळी घेणारा आर. पी. सिंगही आमच्याच संघाचा.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येतो. संघाचे नाव 'डेक्कन' होते. मालकांच्या वर्तमानपत्राच्या नावावरून ते आले, हे खरे. पण डेक्कन म्हणजे दख्खन, आणि दख्खन काही आपल्याला परकी नाही. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा नांदेड-परभणीकडून इकडे आले ते परमुलखात आले नाहीत, आपल्याच राज्याच्या राजधानीत आले. इथला रिक्षावाला आजही 'नक्को' म्हणतो. तो शब्द त्याने आपल्याकडूनच घेतला आहे. मग इथे जन्मलेल्या, इथले पाणी प्यालेल्या मुलीने इथल्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडले, तर तिचे मराठीपण कमी कसे होते? सचिनवर प्रेम करायला मुंबईची बाजू घ्यावी लागत नाही. आम्ही स्वतः त्या 6 मेच्या रात्री सचिनच्या धावा मोजत होतो आणि मुंबईचे बळीही मोजत होतो.

उलट आम्हाला चिंता वेगळीच वाटते. घरी कटाक्षाने मुंबईची बाजू घेणारे काही पालक मुलांशी मराठीत बोलत मात्र नाहीत. मराठी जपण्याचे काम टीव्हीसमोर ओरडून होणार असते, तर विश्वस्तांना दर जूनमध्ये पहिलीची पटसंख्या मोजत बसावे लागले नसते. मूल सामन्याचे वर्णन आजीला मराठीत करते की नाही, हे पाहा. जर्सी कोणत्या रंगाची आहे, हे पाहू नका.

डेक्कन चार्जर्स आता नाही. 2010 मध्ये इथल्या आंदोलनामुळे त्याचे घरचे सामने कटक, नागपूर आणि नवी मुंबईला गेले. म्हणजे हैदराबादच्या संघाचे घर काही दिवस चक्क महाराष्ट्रात होते! 2012 मध्ये नियामक मंडळाने संघाचा करार रद्द केला, आणि 2013 पासून सनरायझर्स आला. त्याने 2016 मध्ये चषक जिंकला, पुन्हा बंगळुरूलाच हरवून. मुले आता केशरी जर्सी घालतात. दख्खनचे नाव गेले याची हळहळ आम्हालाच वाटते, त्यांना वाटत नाही.

तेव्हा पालकहो, मुलांना ज्याच्या बाजूने ओरडायचे त्याच्या बाजूने ओरडू द्या. विनंती एकच. सामना संपायला रात्रीचे साडेअकरा वाजतात आणि वार्षिक परीक्षा त्याच दिवसांत असते. दुसऱ्या डावाचा निकाल सकाळी शाळेत येऊन कळला तरी चालेल. आमच्यापैकी कोणी ना कोणी तो पाहिलेला असतोच.