चिकट भात, बरगड्या आणि आपले फुणके



गुरुकुंज मोझरीच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा अमरावतीला शिकतो. सुटीत घरी आला तेव्हा त्याने मोबाईलवर एक चिनी पदार्थ दाखविला. डुकराच्या बरगड्यांचे तुकडे चिकट तांदळात घोळायचे आणि वाफेवर शिजवायचे. ‘आई, हे आपल्या घरी होईल काय?’ असे तो विचारतो. घरात सासूबाई माळकरी, चुलीवर मांस कधी चढलेले नाही. तेव्हा भगिनी विचारतात, हा चिकट तांदूळ म्हणजे काय आणि मांसाशिवाय असे काही करता येते काय?

प्रश्न चांगला आहे. पोराला रागावण्याऐवजी आईने पत्र लिहिले हे त्याहून चांगले.

आधी एक गैरसमज दूर करू. शहरात गाड्यावर लालभडक मंचुरियन मिळते, ते चीनमधले नव्हे. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग या चिनी वंशाच्या स्वयंपाक्याने ते १९७५ च्या सुमारास मुंबईत प्रथम केले, असे सांगतात. चिनी शेतकऱ्याच्या घरचा स्वयंपाक बराचसा वाफेवरचा. तिकडेही जळण जपूनच वापरावे लागे. म्हणून एका कढईत पाणी उकळायचे आणि तिच्यावर बांबूच्या चाळण्या एकावर एक रचायच्या. एका चाळणीत भात, दुसरीत भाजी, तिसरीत मांस. जाळ एकच. वाफ गार पदार्थाला लागून तिचे पाणी होते तेव्हा एका ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता ती पदार्थाला देऊन जाते. म्हणून पाण्यात न बुडवताही पदार्थ आतपर्यंत शिजतो, करपत नाही, आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे फेकल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर वाया जात नाहीत.

आता चिकट तांदूळ. तांदळातील पिष्ट दोन प्रकारचे असते, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. बासमतीत पहिले बऱ्यापैकी असते म्हणून भात मोकळा होतो. चिकट तांदळात ते जवळजवळ नसतेच, म्हणून शितास शीत धरून बसते. हा तांदूळ लाओस व थायलंडच्या उत्तर भागात रोजच्या खाण्यात आहे. आपल्या देशात आसामचा बोरा आणि मणिपूरचा काळा चाखाओ हे त्याच जातकुळीचे. चाखाओला २०२० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तो पाण्यात शिजवला तर लापशी होते. रात्रभर भिजवून वाफवला तरच नीट होतो. आपल्या वऱ्हाडात हा पिकत नाही, आणि भंडारा-गोंदियाकडच्या धानातही नेहमी मिळणारा तांदूळ त्या अर्थाने चिकट नव्हे. मात्र जुन्यापेक्षा नवा तांदूळ चिकट होतो हे तुम्हा घरधनिणींना सांगायला नको. तोच वापरावा.

ज्यांच्या घरी चालते त्यांच्यासाठी कृती सांगतो. बरगड्या अर्धा किलो, खाटकाकडूनच दोन बोटे लांबीचे तुकडे करून आणाव्यात. आले-लसूण ठेचून, पातीचा कांदा चिरून, थोडी मिरपूड, चिमूटभर साखर, चमचाभर तेल आणि दोन मोठे चमचे सोया सॉस लावून दोन तास मुरवाव्यात. सोया सॉस खारटच असतो, वेगळे मीठ घालू नये. (हा सॉस सोयाबीन व गहू महिनोन्महिने आंबवून करतात. आपण सोयाबीन काढतो आणि पोत्याने विकून मोकळे होतो, त्याचे पुढे काय काय होते पहा.) एक वाटी तांदूळ चार तास भिजवून निथळावा, त्यात एकेक तुकडा घोळवावा आणि पळसाच्या पानावर एकाच थरात मांडून सव्वा तास वाफवावे. मधून पाणी कमी झाले तर उकळतेच घालावे, गार घालू नये. आमच्याकडे डुक्कर चालत नाही म्हणणाऱ्यांनी बोकडाचा सीना घ्यावा, त्याला दीड तास लागतो.

परंतु डुकराच्या मांसाबाबत एक गोष्ट नीट समजून घ्या, आणि ती मांस न खाणाऱ्यांनी अधिक लक्ष देऊन वाचावी.

गावात मोकाट फिरणारे डुक्कर माणसाची विष्ठा खाते. विष्ठेत पट्टकृमीची अंडी असली तर डुकराच्या मांसात ज्वारीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या पांढुरक्या, पाणीदार गाठी तयार होतात. असे मांस कच्चे राहिले तर खाणाऱ्याच्या आतड्यात लांबच लांब कृमी वाढतो. मांस हाडापासून सुटेपर्यंत, आत लाली उरणार नाही इतके शिजवले की हा धोका जातो. दाणेदार मांस दिसले तर मात्र ते घेऊच नये. बंदिस्त गोठ्यात, खाद्य देऊन वाढविलेल्या जनावराचेच घ्यावे.

हा झाला खाणाऱ्याचा धोका. दुसरा सगळ्यांचा आहे. ज्याच्या आतड्यात हा कृमी आहे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून किंवा सांडपाण्यावर वाढविलेल्या कोथिंबीर-मुळ्यातून दुसऱ्याच्या पोटात गेली तर अळ्या रक्तावाटे थेट मेंदूत जाऊन बसतात. मग फिट येते. ज्याने जन्मात मांसाला हात लावला नाही अशा माळकऱ्यालाही ती येऊ शकते. आणि आपल्याकडे फिट आली की आधी जोडा हुंगवतात, मग अंगारा, मग बाहेरची बाधा. लग्नाच्या वयाची मुलगी असेल तर घरचे लपवून ठेवतात. असे करू नका. रोग्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि मोठ्या दवाखान्यात नेऊन डोक्याची तपासणी करून घ्या. या कारणाने येणाऱ्या फिटवर औषध आहे. परंतु जंताचे औषध दुकानातून आणून आपल्या मनाने देऊ नका. मेंदूत अळ्या असतील तर त्याने सूज वाढून त्रास बळावतो.

शेंडगावला जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला, आणि मोझरीला १९३५ साली गुरुकुंज आश्रम स्थापणाऱ्या तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गावच्या सफाईला आणि आरोग्याला मोठी जागा दिली. ते केवळ गाव नेटके दिसावे म्हणून नव्हते. गावात संडास बांधून झाले, पण काहींत अजून गोवऱ्या आणि तुराट्या भरलेल्या दिसतात. भाजीला संडासाचे किंवा नालीचे पाणी देणाऱ्या बागायतदार बांधवांनीही याचा विचार करावा. कच्ची खायची पालेभाजी तरी विहिरीच्या स्वच्छ पाण्यावर घ्या.

आता मोझरीच्या भगिनीचे उत्तर. बाई, चिनी वाफवण तुमच्या घरात पूर्वीपासून आहे, फुणके करता ना? दोन वाट्या तुरीची डाळ आणि अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ चार तास भिजवा. पाणी पूर्ण निथळू द्या. इथे घाई केली की फुणके बसतात. पाणी न घालता भरड वाटा. पाट्यावर वाटले तर उत्तमच, मिक्सरमध्ये फार बारीक होऊ देऊ नका. वाटताना हिरव्या मिरच्या, लसूण, जिरे, हळद, मीठ घाला, मग पातीचा कांदा व कोथिंबीर चिरून मिसळा. मुठीने दाबून लांबट मुटके करा. गंजात चार बोटे पाणी, त्यावर तेल लावलेली चाळणी. चाळणी नसेल तर ज्वारीचे स्वच्छ धांडे आडवे रचून वर पळसाची पाने घाला. वीस मिनिटांत फुणके होतात. सुरी टोचून कोरडी निघाली की उतरवा. खालच्या पाण्यात चार बटाटे टाकून ठेवले तर तेही त्याच जाळावर उकडून निघतात.

मुलाची हौस पुरवायची असेल तर यातले सात-आठ मुटके गोल वळा, भिजवून निथळलेल्या नव्या तांदळात घोळवा आणि चाळीस मिनिटे वाफवा. मध्ये एकदा वरून पाण्याचा हबका मारा, म्हणजे तांदूळ कोरडा राहत नाही. शिते मोत्यासारखी उभी राहतात. ही रीत आपली नव्हे, पण सासूबाईंनाही चालेल. तांदळात जे प्रथिन उणे पडते ते डाळ भरून काढते, म्हणून जोडी पौष्टिकही आहे.

एक हिशेब मात्र घरधन्याने वाचावा. माणशी रोज पन्नास ग्रॅम डाळ धरली तर पाच माणसांच्या घराला वर्षाला सुमारे ९१ किलो डाळ लागते. दहा किलो तुरीची साधारण सात किलो डाळ पडते, म्हणजे १३० किलो तूर घरात ठेवायला हवी. प्रत्यक्षात काय होते? तूर निघाली की देणेकऱ्याच्या धाकाने सगळी पोती बाजार समितीत जातात आणि पोळ्याच्या सुमारास तीच डाळ आपण किलो-किलोने किराणा दुकानातून आणतो. भाव वाढला की सर्वांत आधी बाईच्या ताटातले वरण पातळ होते. तेव्हा गाडी भरण्याआधी सव्वा क्विंटल बाजूला काढा, कडक उन्हात वाळवा आणि लवकर डाळ करून घ्या. अख्ख्या तुरीला भुंगा जितका लागतो तितका डाळीला लागत नाही.

फुणके कढीबरोबर खावेत हे तुम्हाला माहीत आहेच. उरले तर सकाळी कुस्करून मोहरी-लसणाची फोडणी द्या. शाळेच्या डब्याला पोळीबरोबर चांगले जातात. तुरीचा भुंगा आणि कोठीची तयारी यावर पुढच्या आठवड्यात लिहितो.