उसना धाक

रविवारी सकाळी फोडणीसाठी कढीपत्ता तोडायला गेलेल्या आईने गॅलरीतून हाक मारली, "अगं, पाखरांनी झाड घाण करून ठेवलंय बघ!" पानावर खरंच शीट दिसत होती. काळपट तपकिरी, मधे पांढुरका पट्टा, वर ओली चकाकी. आईने पानाला हात लावला आणि ती शीट हलली! मी काडीने हळूच डिवचलं, तर डोक्यामागून इवलंसं दुहेरी शिंग बाहेर आलं आणि आंबूस, उग्र वास सुटला.

ही कॉमन मॉरमॉनची अळी. या फुलपाखराला मराठीत बहुरूपी म्हणतात आणि तो जन्मभर नावाला जागतो. शीट कोण खाणार? म्हणून लहानपणी तो वेश. अंग वाढलं की तो वेश खपेनासा होतो; मग शेवटची कात टाकून अळी पानासारखी हिरवीगार होते. पाखरांच्या नजरेला रंग चकवतो, तर मुंग्या आणि कोळी जवळ आलेच, तर त्यांच्यासाठी शिंगाचा वास असतो.

पंख फुटल्यावर खरी कसोटी लागते. वेडा राघू उडतं फुलपाखरू हवेतच टिपतो आणि फांदीवर आपटून गिळतो. त्याच्यापासून वाचायला बहुरूप्याच्या माद्या दुसऱ्याचं रूप घेतात. नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. काही माद्या नरासारख्याच, काही हुबेहूब कॉमन रोजसारख्या, तर काही क्रिमझन रोजसारख्या. ही दोन्ही 'रोज' फुलपाखरं विषारी. त्यांच्या अळ्या ईश्वरीचा वेल खातात आणि त्यातलं विष फुलपाखरातही उतरतं. एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा त्या लाल-काळ्या पंखांच्या वाटेला जात नाही. नीट पाहिलं तर फरक कळतो: रोजचं पोट लालभडक असतं, बहुरूप्याचं काळं. पण उडत्या भक्ष्यावर झेपावणाऱ्या पक्ष्याला एवढं निरखायला वेळ कुठला?

हे सोंग घडतं कसं, याचा शोध आपले फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे यांनी सहकाऱ्यांसह लावला. कीटकांत नर-मादीची लक्षणं ठरवणारं 'डबलसेक्स' नावाचं एकच जनुक माद्यांच्या पंखांवरचं हे सगळं रूपांतर सांभाळतं, हे त्यांनी २०१४ साली 'नेचर'मध्ये मांडलं.

मला मात्र या गोष्टीत ईश्वरीचा वेल सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बहुरूप्याच्या अंगात विष नाही. त्याचा धाक उसना आहे. आसपास खरी विषारी फुलपाखरं पुरेशी असतील, पक्ष्यांना त्यांची कडू चव कळलेली असेल, तरच तो चालतो. शिमल्याच्या बाजूला, जिथे ही रोज फुलपाखरं नाहीत, तिथे बहुरूप्याच्या नरासारख्या माद्याच जास्त दिसतात. ज्याची धास्ती कुणाला नाही, त्याचं सोंग घेऊन काय उपयोग?

आपण हौसेने कुंडीत कढीपत्ता लावतो, लिंबू लावतो. अळीचं पोट त्यावर भरतं. पण तिचं पुढचं आयुष्य कुंपणावरच्या वेलावर टांगलेलं असतं, आणि तो वेल आपण 'रान माजलंय' म्हणून उपटतो. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर ईश्वरी होती. तिचं वाळलेलं फळ उलगडून छोट्या शिंक्यासारखं लोंबायचं. गेल्या वर्षी पावसाळ्याआधीच्या साफसफाईत ती गेली. तेव्हा मीही गप्प बसले, याची आज टोचणी लागली आहे.

म्हणून मनापासून सांगते, यंदा कुंपण साफ करायच्या आधी एकदा निरखून पाहा. शिंक्यासारखी फळं लोंबताना दिसली, तर तेवढा वेल राहू द्या.

आईने त्या दिवशी अळीची डहाळी सोडून पलीकडची तोडली. संध्याकाळी मी रोपवाटिकेत जाऊन ईश्वरीचं रोप मागून ठेवलं. मागच्या भिंतीशी खड्डा खणून झाला आहे.