सोडलेली जागा आणि दुसरा अर्ज

चवथीच्या दिवसांत गोव्यातील मूळ घरे माणसांनी भरून जातात. मुंबई-पुण्याची मंडळी गावी येतात, माटोळीखाली गप्पा रंगतात आणि त्या गप्पांत बारावी झालेल्या मुलामुलींना एक प्रश्न हमखास येतो : ‘यंदा कुठे?’ ज्याला मागील वर्षी एखाद्या विधि विद्यापीठात जागा मिळत होती, ज्याने ती घेतली नाही, आणि जो आज पुन्हा प्रवेशाचा अर्ज भरीत आहे, त्याला हा प्रश्न बोचल्यावाचून राहत नाही. ‘ताटात वाढलेले नको म्हटले, आता पुन्हा पंगतीला बसतो’ असे कोणी मामा-काका हसत बोलून जातात. बोलणारा विसरतो, ऐकणारा वर्षभर विसरत नाही. हा अर्ज पुन्हा करण्यात काही कमीपणा आहे काय, याचा विचार म्हणूनच करावयास हवा.

मिळालेली जागा सोडण्यामागे बहुधा उद्दामपणा नसतो. राष्ट्रीय विधि विद्यापीठांचे वार्षिक शुल्क लाखांच्या हिशेबात जाते आणि पाच वर्षांची बेरीज पाहून पगारदार बापाची छाती दडपते. कधी गुणानुक्रमाने पदरात पडलेले विद्यापीठ गोव्यापासून दीड-दोन हजार किलोमीटरांवर असते आणि घरात आजारी माणूस असतो. कधी मुलीला इतक्या दूर एकटीला कसे पाठवावे, एवढ्याच शंकेपाशी सारे अडते. आणि कधी, हेही मान्य केले पाहिजे, याहून नामांकित संस्था पुढल्या वर्षी मिळेल, अशी केवळ आशा असते. ही सर्व कारणे एका मापाने मोजता येणार नाहीत.

या नकाराची किंमत मात्र आधी समजून घेतली पाहिजे. २००८ साली सात विधि विद्यापीठांनी एकत्र येऊन सामायिक प्रवेश परीक्षा सुरू केली. आज त्या व्यवस्थेत वीसहून अधिक विद्यापीठे आहेत. पदवी अभ्यासक्रमासाठी दोन तासांत एकशेवीस प्रश्न सोडवायचे असतात आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे पाव गुण कापला जातो. या परीक्षेतील क्रमांक त्या वर्षापुरताच चालतो. पतपेढीतील ठेवीप्रमाणे तो पुढील वर्षी काढता येत नाही. जागा सोडणाऱ्याने पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करावयाची असते आणि गतवर्षीच्या यशाची कोणतीही हमी त्याच्या हाती नसते. वयाची भीती तेवढी कोणी बाळगू नये. २०१६ साली बार कौन्सिलने वयोमर्यादा पुन्हा लागू करणारे परिपत्रक काढले होते; मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली आणि सामायिक परीक्षेलाही वयाची वरची अट नाही. एक वर्ष मागे पडल्याने कायद्याचे दार बंद होत नाही.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातील एक प्रकरण आठवते. १९१६ साली त्यांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव दाखल केले. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. तेथे नकार नव्हता, नाइलाज होता, हा भेद आम्ही विसरत नाही. पण आपणांस कशाने अडविले हे त्यांना नेमके ठाऊक होते : ते पैशाने. म्हणून त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पै-पै साठविली, छत्रपती शाहू महाराजांचे व नवल भथेना या पारशी मित्राचे साहाय्य घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठून ते बॅरिस्टर झाले. मधली तीन वर्षे अडथळा दूर करण्यात खर्ची पडली, म्हणूनच ती वाया गेली नाहीत.

दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्याने स्वतःला विचारावयाचा प्रश्न हाच आहे. ज्या कारणासाठी आपण गेल्या वर्षी ‘नको’ म्हटले, ते कारण आज उरले आहे काय? शुल्काचे कारण असेल तर कर्जाची वा शिष्यवृत्तीची सोय झाली काय? घरच्या जबाबदारीचे असेल तर ती कोणी उचलली काय? उत्तर होकारार्थी असेल तर खुशाल अर्ज करावा आणि मामा-काकांना हसू द्यावे. कारण जसेच्या तसे उभे असेल, तर नव्या परीक्षेनंतर नवी जागा येईल आणि जुनाच नकार पुन्हा द्यावा लागेल.

केवळ मोठ्या नावासाठी थांबलेल्यांना आम्ही आणखी एक गोष्ट सुचवू. मुक्तीपूर्वी गोमंतकीयाला कायद्याची पदवी हवी असल्यास पोर्तुगाल किंवा मुंबई गाठावी लागे. आज मिरामारला साळगावकर महाविद्यालय आहे, मडगावला कारे महाविद्यालय आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा सांगणारा येथील कौटुंबिक कायदा, पतिपत्नींची सामायिक मालमत्ता, वारसांमधील वाटणीची ‘इन्व्हेंटरी’ हे विषय गोव्याच्या न्यायालयांत रोज उभे राहतात. या भूमीत वकिली करू इच्छिणाऱ्याने घरच्या महाविद्यालयाला निरुपायाची जागा समजू नये.

शेवटी एक कर्तव्य. जागा नको असेल तर ती मुदतीत सोडावी. प्रतीक्षायादीवर सत्तरी-काणकोणचा कोणी मुलगा तारखा मोजीत बसलेला असतो आणि त्याच्या बापाला दुसऱ्या वर्षाची चैन परवडणारी नसते. वेळेवर दिलेला नकार हाही एक न्यायच आहे, आणि जो उद्या काळा कोट घालणार आहे, त्याने तो आजच पाळावा. वडीलधाऱ्यांनीही येत्या चवथीला ‘यंदा कुठे?’ असे विचारण्याऐवजी ‘गेल्या वर्षी काय अडले होते, आणि आम्ही काय करू?’ असे विचारावे. त्या प्रश्नाने कदाचित एखादे वर्ष वाचेल.