मिरजेचा तानपुरा शोभेचा नव्हे



इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या काळात मिरजेचे भौगोलिक मानांकन निव्वळ शोभेचे, हे आपल्या लेखातील मत साफ अमान्य. मुळात २०२४ मध्ये मानांकने दोन मिळाली : सतारीला वेगळे, तानपुऱ्याला वेगळे. शिवाय ही वाद्ये घडवणारे मिरजेचे कारागीर मूळचे सुतार नव्हेत. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार १९व्या शतकात वाद्यांकडे वळले.

आणि जवारी, म्हणजे तानपुऱ्याचा गुंजणारा नाद? घोडीवर तारेखालचा सुती धागा केसभर सरकवला की नाद खुलतो. गायकाच्या गळ्याप्रमाणे तो दर बैठकीला जमवावा लागतो. त्यातच कान घडतो. इलेक्ट्रॉनिक पेटीच्या तयार नादात ही सोय कुठली?

मानांकन फक्त नाव राखते, एवढे लेखकाचे खरे. म्हणूनच कला टिकवण्यासाठी संगीत विद्यालयांनी अशा पेट्या घेणे थांबवून मिरजेकडे मागणी नोंदवावी.

— एक तानपुरावादक, सांगली